अंगठीचं माप

गुडघ्यावर बसून लग्नाचं विचारायची टूम आपल्याकडं कोणत्या शहाण्यानं आणली, ते मला एकदा कळू द्या. त्याला मी वैजापूरच्या भर बाजारात उभा करीन आणि म्हणेन, बस आता इथं गुडघ्यावर, बघू काय होतंय ते.

आमच्यात पोरीला कोणी विचारत नाही. पाव्हणे येतात, पोहे खातात, पुरुष माणसं अंगणात जाऊन बोलतात आणि संध्याकाळी पोरीला कळतं की आपलं जमलं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणूनच प्रणयनं विचारलं तेव्हा मी खुळ्यासारखी रडले.

प्रणय संभाजीनगरच्या छावणीतला. तिथंच एका लॅबमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. मी रक्त काढायची, तो मशीनवर तपासायचा. तो बौद्ध, मी मराठ्यांची. एवढं सांगितलं की आमच्याकडं पुढचं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी आमचा बेत ठरलेला होता. माझ्या भावाचं, शिवराजदादाचं लग्न वैशाखात होतं. ते एकदा पार पडलं की मी स्वतः वडिलांसमोर, आप्पांसमोर उभी राहून सांगणार होते. तोवर चिडीचूप. माझ्यामुळं दादाचं मोडलं असतं तर आप्पांनी मला जन्मात माफ केलं नसतं, आणि मला प्रणयही पाहिजे होता आणि आप्पाही पाहिजे होते. प्रणयला ते पटलं होतं. म्हणायचा, "थांबू की. पळून जायला आपण काय कोणाची चोरी केलीय?"

आणि हाच शहाणा माझ्या वाढदिवसाला मला बीड बायपासच्या एका कॅफेत घेऊन गेला. गच्चीवर फुगे, दिव्यांच्या माळा, त्याची बहीण मेघा आणि दोन-चार मित्र. मी म्हटलं, "अरे, हे काय?" तर साहेब खाली. गुडघ्यावर. नवी पँट, खाली पाणी सांडलेलं, त्याला कशाची शुद्ध नाही. हातात डबी.

"तनुजा, माझ्याशी लग्न करशील?"

मी दोन्ही हात तोंडावर धरले. ते काही मी ठरवून केलं नाही, झालं. मग मी हो म्हटलं, कारण ते होच होतं. किती दिवसांपासून होतं.

अंगठी साधीच होती, पण बोटात अशी बसली की जणू सोनारानं बोटावरच घडवली. मी विचारलं, "माप कुठून आणलंस रे?" तर म्हणतो, मागं लॅबमध्ये पेरू कापताना तुझ्या बोटाला लागलं होतं बघ, तेव्हा मी पट्टी बांधली होती. ती पट्टी दुसऱ्या दिवशी त्यानं अलगद गोल तशीच काढून ठेवली होती आणि तीच घेऊन सराफ्यात गेला होता. रक्ताचा डाग असलेली पट्टी! मी म्हटलं, "शी! सोनार काय म्हणाला असेल?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेवढं हसू मला अजून आठवतं.

आता ऐका. त्या कॅफेच्या मालकानं या सगळ्याचा काढलेला व्हिडिओ प्रणयला पाठवला आणि आपल्या पेजवरही टाकला. तिथं हो म्हटलेल्या सगळ्या पोरींचे टाकतो म्हणे. वर लिहिलं, 'तिनं हो म्हटलं!' आम्हाला विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याच्या लेखी ती जाहिरात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवराजदादा लॅबच्या दारात उभा. "चल," एवढंच बोलला. गाडीत घालून थेट वैजापूर.

घरी आप्पा खाटेवर बसलेले. माझे आप्पा, सर्जेराव, कधी मोठ्यानं बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, "ही तूच का?"

"व्हय, आप्पा. मी तुम्हाला सांगणारच होते, दादाचं लगीन झाल्यावर—"

"ती अंगठी काढ."

निघेना. बोट सुजलं होतं की मीच वाकडं धरलं होतं, देव जाणे. आईनं मला मोरीत नेलं, बोटाला साबण चोळला आणि अंगठी ओढून काढली. पदराच्या गाठीत बांधली. मला वाटलं, ठेवलीय माझ्यासाठी. शेवटी आई आहे. आज ना उद्या गुपचूप हातात देईल. त्या पदराच्या गाठीवर मी कितीतरी दिवस काढले. ती भाकरी थापायची आणि मी गाठीकडं बघत बसायची.

दादाच्या सासरकडून निरोप आला. आधी तुमच्या पोरीचं उरका, मग आपण पुढचं बोलू. झालं. फर्दापूरचं स्थळ निघालं. इंद्रजीत. लेण्या बघायला येणाऱ्यांसाठी त्यांचं लॉज आहे, शेती आहे, मुलगा निर्व्यसनी. पाव्हणे आले, पोहे खाल्ले, अंगणात जाऊन बोलले.

मी नाही म्हटलं. रडून म्हटलं, ओरडून म्हटलं, जेवण टाकून म्हटलं. आप्पा उठून शेतात निघून जायचे. मग एक दिवस दादानं मला त्याच्या मोबाईलवर एक फोटो दाखवला. प्रणयची मोटरसायकल, त्याच्या दारात उभी केलेली. मागं मेघा अंगण झाडत होती. फोटो कोणी काढला, कशाला काढला, दादानं काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मग तोच मोबाईल त्यानं मला दिला. "सांग त्याला. येऊ नको म्हणावं."

मी त्याच्यासमोरच फोन लावला.

"प्रणय, इकडं येऊ नको."

"तू नाही म्हणतीयस का?"

"येऊ नको म्हणते मी."

"मी हे नाही विचारलं, तनुजा. तू नाही म्हणतीयस का?"

मी फोन कापला. नाही म्हणवलं नाही हो माझ्याच्यानं. पण ते दादाला कुठं कळायला.

साखरपुडा ठरला. फर्दापूरवाल्यांनी कळवलं, मुलीच्या अंगठीचं माप पाठवा. मुलाची अंगठी आपण करायची, मुलीची त्यांनी, ही रीत. आई मला घेऊन वैजापुरातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडं गेली. सोनारानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि म्हणाला, "ताई, बोट द्या."

मी मूठ वळली.

"अगं, बोट दे की," आई म्हणाली. मी मूठ मांडीखाली दाबून बसले. सोनार इकडं बघतो, तिकडं बघतो. दुकानात दुसऱ्या बाया होत्या, त्याही बघायला लागल्या. मला वाटत होतं, बोटच दिलं नाही तर ही माणसं काय करतील? इतकी खुळी होते मी.

आईनं पदराची गाठ सोडली. अंगठी काचेवर ठेवली.

"ही घ्या. हिच्याच मापाची."

सोनारानं ती मापाच्या दांडीवर चढवली, आकडा बघितला, कागदावर लिहून आईकडं दिला. "बोटात बरोबर बसते का ही?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, "बसते. साबण लावल्याबिगर निघत नव्हती."

"मग हिचं काय करू? मोडीत घेऊ?"

आई थांबली. आता ती अंगठी उचलेल, परत गाठीत बांधेल, असं मला वाटलं. तिचा हात पुढं आलाही होता. मग ती म्हणाली, "घ्या. जावयाच्या अंगठीत घाला हे सोनं."

"आई, ती माझी आहे!"

"तुझीच की. तुझ्याच नवऱ्याच्या बोटात जातीय."

घरी येताना रिक्षात ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "माझ्या वक्ताला माप कोणी इचारलंय? लई सैल होती अंगठी. दोरा गुंडाळून घातली म्या, अजून तशीच हाय. तुझी तरी नीट बसंल." तिनं आपलं बोट मला दाखवलं. दोरा काळा झालेला. मला तिचा राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

साखरपुडा लॉनवर झाला. आता आमच्याकडंही फुगे असतात, धूर असतो, डोक्यावर ड्रोन फिरतो. आधी मी इंद्रजीतच्या बोटात अंगठी घातली. ती घालताना मी अंगठीवरची नजर उचललीच नाही, तर पाहुण्या बाया हसल्या, "लाजती गं पोरगी." कोणाचं सोनं कोणाच्या बोटात चाललंय, हे तिथं फक्त मला आणि आईला माहीत होतं. आई पाहुण्यांना पेढे वाटत होती.

मग व्हिडिओवाला ओरडला, "दादा, जरा गुडघ्यावर बसा ना! आजकाल सगळे तसंच करतात."

इंद्रजीत लाजत खाली बसला. बरा माणूस आहे, त्याच्या वाट्याला मी उगाच आले. "विचारा की, दादा!" व्हिडिओवाल्याला दम नाही. इंद्रजीतनं विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?" मागं आप्पा उभे होते. हसत होते. दादानं शिट्टी मारली.

"ताई, एकदम दचकल्यासारखं करा! हात तोंडावर घ्या!"

मी हात तोंडावर घेतले. मला ते येत होतं.

"आता हो म्हणा!"

अंगठी बोटात गेली. कुठं सैल नाही, कुठं अडली नाही. इंद्रजीत हळूच म्हणाला, "बघ, कशी बरोबर बसली. आमच्या सोनाराचा हातच चांगलाय." सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. फर्दापूर, वैजापूर, दादाचं सासर, सगळे. मी हो म्हटलं. टाळ्या झाल्या.

संध्याकाळी दादानं तो व्हिडिओ स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'तनूनं हो म्हटलं!' ज्या माणसानं तसलाच व्हिडिओ माझ्यासमोर धरून विचारलं होतं, ही तूच का, ते माझे आप्पा मोबाईल हातात घेऊन मांडवात फिरत होते आणि एकेका पाव्हण्याला थांबवून दाखवत होते.