पुस्तकातली सोजरा

“हा कोन हाय?” रुक्मिणीबाईंनी चित्रावर बोट ठेवलं. बोटाला मेथीची ओली माती होती.

“सोजराबाईले झेलनारा पहिलवान,” इंद्रभान मास्तर म्हणाले. “पुण्याहून आलं पुस्तक. देऊळगावची बाई लेकरांच्या पुस्तकात! तुमी तिच्यासंगं सर्कशीत होत्या ना? उद्या गावच्या शाळेत येऊन पोरींले दोन गोष्टी सांगा.”

चित्रात पिवळ्या झग्यातली सोजरा हवेत झेपावली होती. समोर झोक्याला उलटा लटकलेला, मिशीवाला गडी हात पसरून होता.

त्या जागी नऊ वर्षं रुक्मिणीबाई लटकल्या होत्या. टाळ्या सोजराला, पदकं सोजराला. अकोल्याच्या खेळात सोजराची उडी चुकली. रुक्मिणीबाईंच्या हाती तिचं एकच मनगट आलं. ते त्यांनी सोडलं नाही. त्यांचा खांदा मात्र निखळला. सर्कस त्यांना मागं ठेवून मद्रासकडे गेली. निघताना सोजरा भेटायलाही आली नाही. तेव्हापासून हा भाजीचा मळा.

भाकरी थापता थापता त्यांनी ठरवलं, उद्या सगळं सांगायचं. गावाला कळू दे, ही सोजरा किती धीराची होती ते.

शाळेत विमल नावाची पोर पुस्तक छातीशी धरूनच उठली. “आजी, तिले भेव नव्हतं वाटत?”

“वाटे. लय वाटे. खेळाआंदी पडद्यामागं ओकत बसे तुमची सोजरा!”

पोरी खदखदून हसल्या. रुक्मिणीबाईंना आत गार वाटलं. विमल तेवढी हसली नाही. तिनं पुस्तक हळूच मिटलं.

रुक्मिणीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग नाइलाजानं म्हणाल्या, “अन् मंग तोंड धुऊन वर चढे. रोज. एक दिस बी नाही म्हनली नाही.” हे खोटं नव्हतं.

“पडली का कधी?”

अकोला ओठांवर आलं.

“नाही.”

“काऊन नाही?”

“झेलनारं मानूस पक्कं होतं.”

मास्तरांनी चमकून वर पाहिलं. विमलनं पुस्तक खाली ठेवलं अन् जवळ येऊन दोन्ही हात पुढं केले. “कसं झेलते?”

“बोटं नाही धराची, बाई. मनगट धर. मी तुयं, तू मायं. आता टाक अंग मांगं.”

विमलनं डोळे मिटून सगळं अंग मागं टाकलं. रुक्मिणीबाई जागच्या हलल्या नाहीत.