दोन पोस्टरांची बोट

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. मॉर्वेना माझं नाव. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका खाडीत दोरांवर वाढवलेले शिंपले काढण्यात माझा जन्म गेला. रूप मला कधीच नव्हतं. रुंद बूड, चपटं तोंड आणि मधोमध दोर ओढणारी विंच. पण ज्या दोघांनी मला ओकच्या फळ्यांतून घडवलं, ते मला देखणी म्हणायचे, आणि मी ते खरं मानायचे.

ते दोघे म्हणजे डेन्झिल आणि त्याचा मेव्हणा पेट्रॉक. डेन्झिलची बायको टॅमसिन ही पेट्रॉकची बहीण. माझ्यावरचं काम दोन माणसांचं आहे. एकाने विंचचा दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने ओला दोर हाताने सरळ करत आत घ्यायचा. दांडा धरणाऱ्याची नजर सतत दुसऱ्याच्या बोटांवर हवी. दांडा सोडला की विंच थांबते. टॅमसिन रोज एकाच डब्यात दोन करंज्या द्यायची. तुमच्या गोड करंज्या नव्हेत. मांस-बटाट्याच्या, चांगल्या वीतभर. कुणाची कुठली ते कळावं म्हणून टोकावर पिठाचं अक्षर असायचं.

मग ते सार्वमत आलं. ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं? डेन्झिलने माझ्या डाव्या अंगाला 'बाहेर पडा'चं पोस्टर चिकटवलं, पेट्रॉकने उजव्या अंगाला 'राहा'चं. धक्क्यावरची माणसं विचारायची, "काय रे, तुमची बोट चाललीय तरी कुठे?" सुरुवातीला हे दोघेही हसायचे. नंतर हसेनासे झाले.

"माझ्या बापाची बोट ह्या संघाच्याच नियमांपायी भंगारात गेली," डेन्झिल म्हणायचा. "मी मत देणार ते त्याच्यासाठी."

"आणि आपले शिंपले खातं कोण? तुझा बाप? फ्रान्सवाले खातात, गाढवा!"

डेन्झिलची बाजू जिंकली. काही वर्षं काहीच बिघडलं नाही. मग खरोखर बाहेर पडायची वेळ आली आणि नियम लागू झाला, की आमच्या खाडीतले जिवंत शिंपले फ्रान्सला पाठवायचे तर आधी इथेच, स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून शुद्ध करायचे. पूर्वी ते काम पलीकडे व्हायचं. आमच्याकडे तेवढ्या टाक्या कुठल्या? शिंपले न्यायला येणारा फ्रान्सचा ट्रक बंद झाला.

पेट्रॉकचं म्हणणं खरं ठरलं, आणि मित्रांनो, तेच नडलं. सकाळी दोर सोडताना तो म्हणायचा, "म्हणालो होतो ना?" करंजी खाताना, "म्हणालो होतो ना?" मुकाट बसला तरी त्याच्या भुवया तेच म्हणायच्या. मला त्याचा राग यायचा. एक दिवस डेन्झिल ओरडला, "उतर माझ्या बोटीवरून!"

"तुझ्या? बरं, तुझी तर तुझी. पण दांडा बांधून एकटा काम करशील तर हात घालवून बसशील."

"हात माझा आहे."

पेट्रॉक उतरला. डेन्झिलने दोन्ही पोस्टरांवर निळा रंग फासला, खरवडलीसुद्धा नाहीत. आता एकट्यानेच शिंपले काढून जवळच्या हॉटेलांना विकायचे, आणि तेही नाही जमलं तर मला भंगारवाल्याला द्यायचं, असं त्याने ठरवलं. बापाच्या बोटीचं जे झालं, तेच माझं होणार होतं. टॅमसिन मात्र डब्यात दोनच करंज्या घालत राहिली. "त्याला तू उतरवलंस, मी नाही," ती म्हणायची. एक करंजी रोज तशीच घरी परत जायची.

मार्चमधल्या एका सकाळी वारा चढला होता. डेन्झिलने सुतळीने दांडा बांधला आणि दोर ओढायला घेतला. मी एका बाजूला कलंडले, त्याचा हातमोजा दोरात अडकला आणि विंच त्याचा हात आत घेऊ लागली. मोकळा हात दांड्यापर्यंत पोहोचत नव्हता. तो किंचाळला, पण वाऱ्यात ऐकणार कोण? माझ्या हातात असतं तर मी स्वतःचं इंजिन फोडून घेतलं असतं! मी फक्त घरघरत होते, अडकल्यावर घरघरते तशी.

पेट्रॉक काठावर कुणाच्या तरी होडीला डांबर लावत होता. किंकाळी वाऱ्यात विरली, पण माझी घरघर त्याला ऐकू आली आणि त्याने ती ओळखली. होडी पाण्यात लोटून, वल्ही मारत तो आला, माझ्यावर चढला आणि त्याने आधी सुतळी कापली. दांडा सुटला. विंच थांबली. तोवर दोन बोटं गेली होती.

डेन्झिल पांढराफटक पडून माझ्या फळ्यांवर बसला होता. पेट्रॉकने शर्ट फाडून हात आवळला.

"बोल की," डेन्झिल दात चावत म्हणाला. "म्हणालो होतो ना, म्हण. एवढी संधी परत नाही मिळायची."

पेट्रॉकचे ओठ हलले. माझा श्वास अडकला, बोटीला श्वास असेल तर.

"हात वर धर," तो म्हणाला. "आणखी वर. खाली घेतलास तर मार खाशील."

पेट्रॉकने मला धक्क्याकडे वळवलं. धक्का जवळ आल्यावर डेन्झिल पुटपुटला, "डब्यात तुझी करंजी आहे."

"गार झाली असेल."

"रोजच होते."

फ्रान्सचा ट्रक अजून आलेला नाही, आणि येईलसं वाटत नाही. शनिवारी दोघे धक्क्यावर बादलीने शिंपले विकतात, जेमतेम भागतं. डेन्झिलच्या उजव्या हाताला आता दोर झेपत नाही. तो डाव्या हाताने दांडा धरतो आणि पेट्रॉकच्या बोटांवरची नजर ढळू देत नाही. भांडण अजून होतंच. परवाच माझ्या निळ्या रंगाला फुगे आले आणि खालून दोन्ही पोस्टरं डोकावू लागली. दोघांनी पत्र्याची खरवडणी घेतली आणि शिव्या देत आपापलं पोस्टर काढलं.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी म्हातारी बोट असेल तर तिला जपा. न खरवडता वरून रंग फासू नका, तो टिकत नाही. आणि तुमचं म्हणणं कितीही खरं असलं, तरी समोरच्याचा हात अडकला असेल तर आधी दांडा सोडवा.