टाकाऊ नावाचं फोल्डर

"बाई, तेवीस जीबी मोकळे केले. तुमच्या चिठ्ठीत होतं अगदी तसंच," बदलीवरची क्लार्क कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. बाई पर्स न ठेवताच मशीनकडं धावल्या.

चिठ्ठी त्यांचीच. लॅबच्या रेकॉर्डरूममध्ये अठरा वर्षं खर्डेघाशी केलेली बाई ती, शिस्तीला पक्की. अपडेट टाकण्याआधी जागा बघा, कमी असेल तर 'टाकाऊ' फोल्डर उडवा, रिसायकल बिनही रिकामी करा, असं लिहून मॉनिटरला त्यांनीच चिकटवलं होतं. एरवी अपडेट त्या स्वतः टाकत आणि त्याआधी आपली चीज गुपचूप बाजूला काढत. काल नवरा तापानं फणफणला म्हणून रजा घेतली, तीही कधी नव्हे ती.

ती चीज म्हणजे नवऱ्याच्या आवाजाच्या एकेचाळीस फाइली. घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी फोनवर घेतलेल्या. ऑपरेशननं माणूस वाचला, आवाज गेला. पुढं फोनही बिघडला, ऑफिसच्या मशीनवर उतरवलेल्या तेवढ्या राहिल्या, आणि ऑफिसात पेनड्राइव्हला बंदी, म्हणून घरी नेता येईनात. साहेबांना तर प्रत्येकाच्या मशीनमध्ये नाक खुपसायची खोड. खासगी काही सापडलं की भर ऑफिसात वाचून दाखवायचे. टाकाऊत कोण डोकावणार, म्हणून बाईंनी तिथं दडवलं. स्वतःच्या हुशारीवर खूषही होत्या बिचाऱ्या.

"माझ्या नवऱ्याचा आवाज होता त्यात," त्या साहेबांना म्हणाल्या.

"मग टाकाऊ असं कुणी लिहिलं?" साहेब म्हणाले, आणि सगळी रूम हसली. वर बाईंना ऐकवलं, की तुम्हाला तास लागतो, हिनं दहा मिनिटांत उरकलं.

तिसऱ्या दिवशी प्रिंटर चालेना, म्हणून ते अपडेटच काढून टाकलं. आता जागाच जागा होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यातली एक फाइल हळूच ऐकायची आणि त्यात काय म्हटलंय ते संध्याकाळी नवऱ्याला सांगायचं, हा दोघांचा रोजचा खेळ. दोन दिवस बाईंनी आठवून आठवून रेटलं. आज त्यानं पाटी पुढं सरकवली तेव्हा आठवणीतलं संपलं होतं. 'आज मी काय म्हणालो?'

"चिडला होतात माझ्यावर," बाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "घरातली एक वस्तू धड सांभाळता येत नाही तुला, म्हणालात."

तो खांदे हलवत, बिनआवाजाचा, डोळ्यांत पाणी येईतो हसला. मग पाटी पुसून त्यानं लिहिलं, 'बरोबरच बोललो.'