वर तरंगणाऱ्या पेशी

सरांना फोटो स्वच्छ लागायचे. डिशमधल्या पेशींचा फोटो काढायचा तर आधी वरचं द्रव ओतून द्यायचं, मग दोनदा धुवायचं, म्हणजे तरंगणारा गाळसाळ निघून जातो आणि तळाला चिकटलेल्या पेशी कशा शिस्तीत बसलेल्या दिसतात. ही सवय फोटोपुरती होती तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे मोजणीच्या आधीही धुणं सुरू झालं, आणि ‘का’ असं कुणी विचारलं नाही. सरांना ‘का’ विचारायचा त्या प्रयोगशाळेत प्रघात नव्हता.

मावशीही दोनदाच धुवायची. मावशी म्हणायचे, कारण ती तिथे सगळ्यांत जुनी. डॉक्टरेट घेऊन केस पिकायला लागले, तरी नोकरीच्या करारावर दरवर्षी सरांची नव्याने सही लागायची. सही होईपर्यंत मावशी सरांच्या विनोदांना जरा जास्तच हसायची. यंदा एक कायमची जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत होती, आणि शिफारस करणार होते सर.

जावई हा दुसरा संशोधक. सरांशी त्याचं नातंगोतं काही नव्हतं; लाड तसे व्हायचे म्हणून नाव पडलं. परदेशातली नोकरी त्याच्या खिशात होती, फक्त पेपर निघायचा बाकी होता.

त्याचा प्रयोग साधा होता. ट्यूमर वाढवणाऱ्या एका जनुकाला सगळे हुल्लड्या म्हणायचे. तो चेकाळला की पेशी वाढतच सुटते. अशा वेळी वॉचमन, म्हणजे ट्यूमरला आवर घालणारं जनुक, जागा होतो आणि न ऐकणाऱ्या पेशीला मरायचा हुकूम देतो. सरांचं म्हणणं, हुल्लड्या महाचलाख. तो एका हस्तकाकरवी वॉचमनचा परस्पर काटा काढतो, मग पेशी मरतच नाहीत. जावयाने मोजलं. मेलेल्या पेशी जवळजवळ नाहीतच. सर बेहद्द खूश.

त्या आठवड्यात द्रव ओढून घेणारा पंप बिघडला, म्हणून जावई धुण्यातून निघालेलं सगळं पाणी बाटल्यांत साठवत होता. हुल्लड्या जागा असलेल्या डिशची बाटली मावशीच्या नजरेत भरली.

“हे एवढं गढूळ का रे?”

“कचरा आहे मावशी. ठेवू का तुमच्यासाठी बांधून?”

“ठेव,” मावशी म्हणाली, आणि खरोखरच घेऊन गेली.

तिने ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, खाली बसलेल्या साक्यावर निळा रंग टाकला. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही, मेलेली घेते. मायक्रोस्कोपखाली निळंच निळं. हुल्लड्या झोपलेल्या डिशची बाटली पाहिली, तर तिच्यात चार-दोन ठिपके. म्हणजे वॉचमन जागा होता, इमानेइतबारे काम करत होता. मेलेली पेशी तळ सोडून वर येते, आणि हे लोक मेलेल्यांना मोरीत ओतून उरलेल्यांची हजेरी घेत होते.

मावशी तडक सरांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं. सर चष्मा पुसत राहिले.

“किती?”

“निम्म्याच्या वर.”

“त्याला सांगितलंस?”

“आधी तुम्हाला.”

“शहाणी आहेस.” सरांनी चष्मा चढवला. “अशी नजर इथे कायमची हवी. सोमवारी मी समितीला हेच सांगणार आहे. मुलाखत होऊन जाऊ दे, मग तू आणि मी बसून सगळं निवांत पुन्हा मोजू. घाई कसली?”

धमकी दिली असती तर मावशी भांडली असती. धमकीला तोंड देता येतं. कौतुकाला काय देणार? ती “बरं” म्हणाली.

जागा मिळाली. पेपरही गेला, त्यात मावशीचं नाव दुसरं. तिने एकदा आठवण करून दिली, तेव्हा तो परीक्षकांकडे होता. पुन्हा करून दिली, तर सर म्हणाले, “आता छापूनसुद्धा आला की गं!” जावई विमानात बसला. मावशीने नव्या खोलीला पडदे लावले.

मग परिषद आली. सरांचं भाषण झक्क झालं. टाळ्या ओसरल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या.

“तरंगणाऱ्या पेशी मोजल्या होत्या का? आमच्याकडे हेच जनुक चेतवलं की पेशी पटापट मरतात. एका विद्यार्थिनीची दोन वर्षं गेलीत यात.”

सर हसले. “मोजणीचं सगळं आमच्या मॅडम बघतात. त्याच सांगतील.”

सगळं सभागृह वळलं. मावशी उभी राहिली. निळे ठिपके तिला आत्ताही दिसत होते.

“मोजल्या होत्या,” ती म्हणाली.

“किती निघाल्या?”

सर व्यासपीठावरून तिच्याकडे पाहत होते, अगदी मायेने.

“फारशा नाहीत.”

“हं.” बाईंनी वही उघडली. “म्हणजे पोरीचंच चुकतंय. मी तिला तेच सांगत आलेय, ऐकतच नाही. आता तुमचं नाव घेऊन सांगते.”