गिअर पडंना

लातूरच्या एमआयडीसीत शेषेराव मास्तरांच्या शेडमध्ये उभी असलेली लाल गाडी बघायला आलेला माणूस हमखास पुढचं झाकण उघडायचा आणि चमकायचा. आत स्टेपनी आणि रिकामी जागा.

"मास्तर, इंजिन बसवायचं इसरले का काय?"

"मागं हाय. सीटच्या पाठीशी."

"म्हंजे उलटीच गाडी की हो!"

उलटी कसली, डोंबल! विलायतेत असल्या गाड्या करणारे छोटे छोटे कारखाने आहेत. सगळं हातानं बांधायचं, वर्षाला जेमतेम साठ-सत्तर नग. दोनच माणसं बसणार, त्यांच्या पाठीशी इंजिन, बाकी नखरा शून्य. अशाच एका कारखान्यात मास्तरांचा एकुलता एक पोरगा अमरेश गिअरबॉक्स बसवतो. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना फिटर बनवलेल्या बापाला त्याचा अभिमान होता, पण अभिमानाशी काही गप्पा मारता येत नाहीत. मास्तरांच्या पत्नी उज्ज्वलाबाई होत्या तोवर पोराचे फोन त्यांनाच यायचे. त्या गेल्या आणि बापलेकांचं बोलणं "जेवलात का" आणि "हाव" एवढ्यावर आलं. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग सणासुदीला.

म्हणून मास्तरांनी गाडी बांधायला घेतली. खोटं कशाला बोला, गाडीची हौस त्यांना कधीच नव्हती. सारा जन्म स्कूटरवर गेला. भंगारातून मारुती आठशेचं इंजिन आणलं. शेजारच्या शेडमध्ये कूलरच्या फायबर बॉड्या करणाऱ्या व्यंकटीकडून अंग बनवून घेतलं. आणि अमरेशला फोन लावला, "इंजिन मागं नेलं तर गिअरचा दांडा पोचंना गेलाय. काय करू?"

पोरगा दीड तास बोलला! तेव्हापासून दर रविवारी दुपारी चारला फोन ठरलेला. तिकडं तेव्हा सकाळ असायची. व्हिडिओवर अमरेश सांगायचा, मास्तर पाना फिरवायचे, आणि मधेच पोराच्या तोंडून आईच्या हातच्या भाकरीचा विषय निघायचा. तेवढ्यासाठी मास्तर आठवडा काढायचे.

दोन वर्षांत गाडी झाली आणि तीच पंचाईत झाली. झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोनच नाही. दुसऱ्या शनिवारी मास्तरांनी शेडचं दार आतून लावलं, बारा नंबरचा पाना घेतला आणि गिअरच्या दांड्याचा नट ढिला केला. रविवारी फोन केला, "गिअर पडंना."

असं चार महिने चाललं. चोरी म्हणा, लबाडी म्हणा. ढिला नट सोडणाऱ्या पोराला ज्या माणसानं वर्गाबाहेर उभं केलं, तोच आता दर शनिवारी नट ढिला करत होता. लाज वाटायची, पण रविवार यायचा.

मग खंडेनवमी आली. मास्तर फुलं आणायला गंजगोलाईच्या बाजारात गेले आणि परत येईतो व्यंकटीनं दोन्ही शेडमधली हत्यारं घासूनपुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडली होती. गाडी सुरू होती.

"मास्तर, नट काढून लॉकनट टाकला म्या. आता बापजन्मात ढिला व्हायचा न्हाई!"

"तुला कुणी सांगितलं होतं रे?"

"सांगाय कशाला पायजे? चार महिने तुमचे हाल बघायलोय."

मास्तरांचे हात पान्यासाठी पाटाकडं गेले आणि तिथंच थांबले. पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा होईतो हात लावायचा नाही, हे तीस वर्षं त्यांनीच पोरांना शिकवलेलं. तोवर व्यंकटीनं अमरेशला व्हिडिओ लावलासुद्धा. झरझर पडणारे चारही गिअर बघून पोरगा टाळ्या वाजवायला लागला. "जिंकलात अप्पा! सुटलात एकदाचे माझ्या कटकटीतून."

मास्तर हसले. काय करतील?

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरी बांधलेल्या गाडीचं आरटीओत पासिंग होणार नव्हतं, म्हणून मास्तरांनी शेडच्या आवारातच चार चकरा मारल्या. गाडी झकास चालत होती. शेजारची सीट रिकामी होती, तिच्याकडं बघवेना, म्हणून गाडी आत लावून टाकली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी ठरवलं, आज पान्याला हात लावायचा नाही. खरं ते बोलायचं. 'बाबा, मला एकट्याला करमंना गेलंय.' सकाळपासून हे वाक्य चारदा म्हणून झालं. चारला त्यांनी फोन लावला.

"बोला अप्पा. काय बिघडलं?"

वाक्य पार ओठांपर्यंत आलं होतं.

"गिअर पडंना," ते म्हणाले.

"लॉकनट टाकूनही? असं होणारच नाही! थांबा, व्हिडिओ लावतो, दाखवा मला." तिकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पोराच्या आवाजात किती दिवसांनी ती धांदल होती.

"हाव, लाव. पर दोन मिनिटांनी लाव, बाबा."

फोन ठेवून मास्तर धावले. मागचं झाकण उघडलं, हात आत घालून नटाला पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. व्यंकटीनं अगदी मनापासून आवळला होता तो.

फोन वाजायला लागला. मास्तर दोन्ही हातांनी पान्याला लोंबकळले होते, डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.