चौथ्या मजल्यावरून

चौथ्या मजल्यावर अवजारांची पिशवी टाकून लिफ्टचा मिस्त्री पायरीवर मटकन बसला. लिफ्टच्या मशीनची खोली गच्चीवर होती. अजून चार मजले बाकी होते. छातीचा नुसता भाता झाला होता. कोरोना होऊन नऊ महिने उलटले. त्या आजारातून तो घरच्या घरी, पंधरा दिवसांत उठला होता. पण तेव्हापासून दोन जिने चढले की कोणी छातीवर पाय देऊन उभं राहिल्यासारखं व्हायचं. छातीचा फोटो, रक्त, सगळं नॉर्मल. कागदावर तो ठणठणीत होता.

समोरचं दार उघडून बाई बाहेर आल्या. लिफ्टची तक्रार त्यांनीच केली होती.

"झालं का हो? ह्यांना अकराला डायलिसिससाठी न्यायचंय. चाकाची खुर्ची जिन्यानं कशी उतरवू?"

"होतंय बाई. पाच मिनिटं."

"मघाशीही पाचच म्हणालात," बाई म्हणाल्या. पण आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

पाणी पिऊन तो उठला. सहा पायऱ्या चढला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठडा धरून तो पुन्हा खाली आला. घड्याळात दहा वाजत होते. आजवर त्याने वेळ मारून नेली होती; कधी रस्त्यात अडकलो, कधी गच्चीची किल्ली सापडत नाही. कंपनीचे साहेब भडक डोक्याचे. बाईंच्या दाराकडे एकदा बघून त्याने फोन लावला.

"पोचलास का वर?"

"नाही, साहेब. चौथ्यावर बसलोय. मला चढवत नाही. आजच नाही, नऊ महिने झाले."

आता तोफ डागली जाणार म्हणून त्याने फोन कानापासून जरा लांब धरला.

"तिथंच बस," साहेब म्हणाले. "येतो."

वीस मिनिटांत ते आले. पंचावन्नाव्या वर्षीही दोन-दोन पायऱ्या चढत. त्यांनी पिशवी उचलली आणि ते वर गेले. थोड्याच वेळात फोन वाजला.

"पॅनेल उघडलंय. एक रिले जळून काळा पडलाय."

"तोच बदलायचा, साहेब."

पलीकडे पिशवीतली अवजारं खणखणत राहिली.

"आधी काय करायचं?"

मिस्त्रीला वाटलं, साहेब परीक्षा घेतायत. वीस वर्षांपूर्वी हे काम ह्याच माणसाने त्याला शिकवलं होतं, शिव्या घालून घालून.

"साहेब?"

"अरे, सांग ना." आवाज एकदम खाली आला. "मलाही होऊन गेला तो कोरोना. तेव्हापासून मधेच पाटी कोरी होते. उगाच का वर्षभर ऑफिसातून हललो नाही?"

मिस्त्रीने भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटले. अख्खं पॅनेल त्याला समोर दिसत होतं.

"आधी मेन बंद करा. केला?"

"केला."

"टेस्टर लावून बघा."

"करंट नाही."

"आता डावीकडची पहिली तार. सोडवायच्या आधी तिच्यावर चिकटपट्टी लावून एक आकडा लिहा."

"लिहिला. पुढं?"

अकराला वीस मिनिटं असताना लिफ्ट घरघरत चौथ्यावर आली. बाईंनी खुर्ची आत ढकलली. खुर्चीतले काटकुळे गृहस्थ मिस्त्रीकडे बघून हसले.

"एवढ्याशा लिफ्टला दोन-दोन डॉक्टर लागले होय!"

लिफ्ट खाली गेली. साहेब जिन्याने उतरून आले आणि मिस्त्रीच्या शेजारी पायरीवर टेकले. हात ग्रीसने काळे झाले होते.

"घरी सांगितलंस?"

"नाही. तुम्ही?"

साहेब तळहाताचं ग्रीस पुसत राहिले.

"उद्या दहा मजली इमारत आहे," मिस्त्री म्हणाला.

"आठला तुला घ्यायला येतो." साहेब उठले. "घर कुठं म्हणालास तुझं?"

त्याच्या लग्नात साहेब त्याच घरी दोन दिवस राबले होते. मिस्त्रीने वहीचं पान फाडलं आणि पत्ता लिहून दिला, मोठ्या अक्षरांत.