विजयश्रीताईंच्या हाताची वाट

मित्रांनो, माझ्यावर आजवर एकही साडी विणली गेलेली नाही. चादर नाही, साधा पंचाही नाही. तरीही मी एक जुना हातमाग आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. माझ्यावर विणतात त्या वीतभर रुंदीच्या सुती पट्ट्या. कुठे सैल, कुठे आवळलेल्या, कडेने वाकड्या. बाजारात त्यांना कोणी विचारणार नाही. पण विणणाऱ्यांनी त्या आपापल्या घरी जपून ठेवल्या आहेत.

माझा जन्म भोसरीत झाला. रोहिदासभाऊ तिथल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा रस ज्या साच्यात ओततात, त्या साच्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो. तो करणे हे त्यांचे काम. चाकणच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रे येतात, त्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांना रंधा मारून त्यांनी मला घडवले. माझ्या एका पायावर खोक्यावरचा काळा बाण अजून आहे.

विजयश्रीताई शेजारी उभ्या होत्या. "रोहिदासभाऊ, फणी खांद्याइतकी उंच घ्या," त्या म्हणाल्या. धागा विणून झाला की ज्या दातेरी चौकटीने तो ठोकून बसवतात, ती ही फणी.

"एवढी वर? विणणाऱ्याचा हात भरून येईल, ताई."

"हात वर जावा म्हणूनच तर माग करतोय आपण."

ताई व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या. आजाराने किंवा अपघाताने हातपाय अडलेल्या माणसाला घास उचलणे, गुंडी लावणे, कामावर परत जाणे पुन्हा जमावे, यासाठीचा हा उपचार. मोठ्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काढली होती. जखम भरली की कामगार घरी जायचा आणि पुढे त्याच्या हाताचे काय झाले हे कोणी विचारायचे नाही. ते त्यांना सलत होते. म्हणून त्यांनी नोकरी सोडून संस्था काढली.

जागा दिली यशवंतरावांनी. चाकणजवळच्या गावातले ते जुने शेतकरी. "आमच्या वावरात कंपन्या उभ्या ऱ्हायल्या. तितं बोटं गेलेली पोरं आमीच बघतो. ही कांद्याची शेड रिकामीच हाय, घ्या," ते म्हणाले. अशी एक उपचारतज्ज्ञ, एक पॅटर्नमेकर आणि एक शेतकरी मिळून संस्था चालवू लागले. लोक हसले. पण ताई उपचार करत, रोहिदासभाऊ जाड मुठीचे चमचे नि विळ्या बनवत आणि यशवंतराव कंपनीच्या गेटवर जाऊन बसत. साहेब भेटल्याशिवाय ते उठत नसत. पोराला झेपेल असे काम मिळवूनच परत येत. प्रमुख अर्थातच ताई होत्या.

ते दिवस आठवले की माझे लाकूड अजूनही ऊन लागल्यासारखे होते. समाधान नावाचा प्रेस ऑपरेटर आला, तेव्हा त्याचा पंजा यंत्राखाली चिरडलेला होता. त्याला धागा धरवेना. "मी काय बाई आहे का विणत बसायला?" तो ओरडला. ताई स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या आणि त्याच्या कोपराखाली आपला तळहात धरून राहिल्या. दिवस गेले, महिने गेले. एका सकाळी तो आपल्या मुलीला घेऊन आला. "ताई, हिची रिबीन बघा. मी बांधलीय." रिबीन सुटत आली होती. तरीही ताईंनी ती सगळ्यांना दाखवली.

पण मित्रांनो, मला सर्वांत प्रिय होती ती शेड उघडल्यानंतरची वेळ. कोणी यायच्या आत ताई स्वतः माझ्यावर चार ओळी विणत. त्यांचा उजवा हात फार चपळ होता. धोटा, म्हणजे धागा वाहून नेणारी ती छोटी लाकडी होडी, त्यांच्या बोटांतून सुटायची ती चिमणी उडावी तशी. "माग जागा करते," असे त्या म्हणत. मी खरोखर त्या हाताने जागा होत असे.

एका सकाळी तो हात आला नाही. ताईंना पक्षाघात झाला होता.

त्या रुग्णालयातून निगडीच्या घरी परतल्या, पण शेडमध्ये आल्या नाहीत. घरूनच फोनवर कारभार बघू लागल्या. मागावरचा उपचार ताईच देत, तो थांबला आणि माझ्यावर कोणीतरी खोकी रचून ठेवली. धाग्यांवर धूळ बसली. फाटकाशी रिक्षा थांबली की वाटायचे, त्याच असतील. कधी औषधवाला असायचा, कधी नवा रुग्ण. मी रोज सकाळी त्या चार ओळींची वाट पाहिली.

शेवटी विश्वस्तांची बैठक ठरली आणि ताई आल्या. उजवा हात पदराखाली होता. अपेक्षाही तिथे होती. ही पिंपरीची मुलगी, वडिलांनी कारखान्यात तीन पाळ्या करून शिकवलेली, आता संस्थेतली तरुण उपचारतज्ज्ञ. ताईंनीच तिला निवडले होते.

"मी प्रमुखपद सोडावं का, ते सांगा," ताई म्हणाल्या.

"तुमी हाय तोवर दुसरं नाव घ्यायचं न्हाई," यशवंतराव म्हणाले. रोहिदासभाऊंनी मान डोलावली.

अपेक्षा मात्र हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही उपचार का घेत नाही?"

"घेते ना घरी."

"नाही घेत. व्यायाम सांगायला मी येते, तर तुम्ही मला चहा पाजून परत पाठवता. इथे या. सगळ्यांबरोबर या मागावर बसा."

ताईंचा चेहरा लाल झाला. "माझ्याच संस्थेत, माझ्याच पेशंटसमोर? अपेक्षा, तू कोणाशी बोलतेयस?"

"ज्यांनी मला हे शिकवलं त्यांच्याशी," अपेक्षा म्हणाली. ताई उठल्या आणि कोणाचा आधार न घेता, पाय ओढत निघून गेल्या. यशवंतराव अपेक्षाला म्हणाले, "पोरी, जरा जादाच बोललीस." ती रडली. पण संध्याकाळी तिने माझ्यावरची खोकी उतरवली, धूळ पुसली आणि नवे धागे ताणले.

पुन्हा वाट पाहणे आले. आता तर ताई रागावून गेल्या होत्या.

थंडी सरत असताना एका सकाळी ताई रिक्षातून उतरल्या. रुग्ण रांगेत बाकावर बसले होते. ताई त्यांच्या शेवटी जाऊन बसल्या. लोक उठू लागले तसे त्यांनी डाव्या हाताने सर्वांना खाली बसवले. त्यांची पाळी आली. अपेक्षाने त्यांची उजवी बोटे एकेक करून धोट्यावर ठेवली. धोटा खाली पडला. यशवंतराव उचलायला वाकले, तर अपेक्षाने त्यांचा हात धरला. ताई वाकल्या, चाचपडल्या, धोटा त्यांनी स्वतः उचलला आणि मग माझ्या चौकटीवर डोके टेकून त्या खूप रडल्या. अपेक्षा स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसून राहिली.

त्या दिवशी एकच ओळ झाली. पण त्या येत राहिल्या. उन्हाळ्यात त्यांनी विश्वस्तांना पुन्हा बोलावले आणि प्रमुख म्हणून अपेक्षाचे नाव सुचवले.

"ती अजून लहान आहे, ताई," रोहिदासभाऊ म्हणाले.

"मला कोणी दुखवायला तयार नव्हतं, भाऊ. तिने दुखवलं आणि मग सोडून गेली नाही. मला तेवढी खात्री पुरे आहे."

अपेक्षा आता संस्था चालवते. ताई आठवड्यातून काही दिवस येतात, रांगेत बसतात, विणतात.

मित्रांनो, खरे सांगू? मला अजून तो जुना हात हवा आहे. सकाळच्या गारव्यात धोटा उडवणारा, हसत हसत ठोका देणारा. तो येणार नाही, हे मला कळते. येतो तो दुसराच हात. जड, थरथरता, मध्येच थबकणारा. त्याच्या ओळी सैल असतात. पण तो येतो, आणि मी त्याच्यासाठी धागे ताणून उभा राहतो.

तुमच्या घरी कोणाचा हात असा मंद झाला असेल. आजोबांना गुंडी लागत नसेल, आईच्या हातून वाटी निसटत असेल. तेव्हा घाईने ते काम हिसकावून घेऊ नका. शाळेला थोडा उशीर झाला तरी चालेल. त्यांच्याजवळ बसा आणि गुंडी लागेपर्यंत थांबा.